पुसून गेलेलं मैदान : हौशी मोटार शर्यतींच्या छायाचित्रांविषयी

छायाचित्रणावरचं व्याख्यान म्हटलं की पक्षी, किल्ले, वारी हे विषय ठरलेले. मोटारींच्या शर्यतीचे फोटो हा समीक्षेचा विषय आहे असं सहसा कुणी मानत नाही. तो तंत्राचा विषय समजला जातो. शटर किती ठेवायचा, लेन्स कोणती घ्यायची, उभं कुठे राहायचं, एवढं कळलं की झालं. हे तंत्र आज आम्ही सांगणार आहोतच, पण सांगता सांगता त्याची जरा झडतीही घ्यायची आहे.

आधी एका फोटोचं वर्णन ऐका. लाल हॅचबॅक, दारावर नंबराचा पांढरा चौकोन, छतापासून बंपरपर्यंत सगळं स्वच्छ, धारदार. चाकं फिरताना दिसतायत. मागे हिरवे-तपकिरी आडवे पट्टे, कुणी ब्रश ओढल्यासारखे. फोटो चांगला आहे. काढणाऱ्याचा हात बसलाय हे बघताक्षणी कळतं. आता आमचा प्रश्न. हा फोटो कुठला? चेन्नईजवळच्या ट्रॅकवरचा, कोइमतूरचा, नाशिकबाहेरच्या एखाद्या माळावरचा, की इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबच्या शर्यतीतला? फोटोवरून सांगता येत नाही. तिथे कोण कोण होतं? तेही नाही. गाडीचं मॉडेल तेवढं सांगता येतं.

असे फोटो आज शेकड्यांनी निघतात, आणि शिकणाऱ्याला 'जमलं बरं का' ही शाबासकी नेमकी अशाच फोटोवर मिळते. आमचं म्हणणं थोडक्यात असं. हौशी शर्यतीत गाडीच्या मागची जागा आणि तिथली माणसं हाच शर्यतीचा मोठा भाग असतो. आणि जे तंत्र आपण सगळ्यात आधी, सगळ्यात मेहनतीनं शिकतो, ते नेमका तोच भाग पुसून टाकतं. तंत्र वाईट नाही. ते दुसऱ्या ठिकाणच्या गरजेतून आलं, आणि आपण ते आपली गरज न तपासता उचललं, एवढीच तक्रार आहे.

हौशी म्हणजे कोण

भारतात मोटार शर्यत म्हटलं की लोकांना ग्रेटर नॉइडाचं बुद्ध सर्किट आठवतं. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. पण या खेळाची मुळं त्याच्या कितीतरी आधीची आणि कितीतरी साध्या जागेतली. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर अनेक वर्षं शर्यती झाल्या. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला सुमारे ३.७ किलोमीटरचा पक्का ट्रॅक झाला. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे आहे. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. मारुती ८०० चं इंजिन बसवून एकट्यानं चालवायची छोटी शर्यतीची गाडी, म्हणजे फॉर्म्युला मारुती, त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. घराघरांतल्या भाजी आणायच्या गाडीचं इंजिन आणि वर शर्यतीचा सांगाडा. आपल्याकडच्या हौशी शर्यतीचा स्वभाव या एका गाडीत आला.

आणि त्याहून खालची, सगळ्यांना परवडेल अशी पायरी म्हणजे ऑटोक्रॉस. एखादं मोकळं मातीचं मैदान घ्यायचं, नारिंगी शंकू लावून वळणांची वाट आखायची आणि गाड्या बहुतेक वेळा एकेक करून घड्याळाविरुद्ध सोडायच्या. शंकू पाडला की दंडाचे सेकंद वाढतात. गाड्यांचे गट इंजिनाच्या सीसीवरून पडतात. पुण्या-नाशिककडच्या मंडळींनी शर्यत पहिल्यांदा पाहिली ती बहुधा ऑटोक्रॉसच्या किंवा रॅलीच्या रूपात.

इथे येतो कोण? स्वतःच्या खिशातून प्रवेश फी, टायर आणि पेट्रोल भरणारा माणूस. सोमवारी त्याला कामावर जायचंय, आणि पुष्कळदा त्याच गाडीनं जायचंय. बरोबर दोन मित्र, एक ओळखीचा मेकॅनिक, कधी आईवडील, डब्यातली पोळीभाजी. झेंडे घेऊन उन्हात उभे असलेले मार्शल बरेचसे स्वयंसेवक. प्रेक्षक थोडे, आणि त्यातले निम्मे कुणाचे ना कुणाचे नातेवाईक. फोटो काढणाराही हौशीच. त्याच्या गळ्यात मोठ्या वृत्तसंस्थेचं ओळखपत्र नसतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात या शर्यतीची बातमी आली तर चार ओळींची येते. मग त्या दिवसाचं जे काही उरेल, ते या हौशी फोटोंमध्येच उरेल. या व्याख्यानातला सगळा आग्रह त्यासाठी आहे.

वेग दिसतो कसा

आता तंत्राकडे वळू, आणि जरा आकडे घेऊनच बोलू. ताशी ७२ किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. शटर १/१००० वर असेल, तर तेवढ्या वेळात गाडी २ सेंटिमीटर पुढे सरकते. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर चाक जेमतेम ४ अंश फिरतं. मग फोटोत चाकाचे आरे मोजता येतात, टायरवरची अक्षरं वाचता येतात, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध पार्क केल्यासारखी दिसते. नवीन माणसाचे पहिल्या दिवसाचे फोटो बहुतेक असेच असतात. मैदानावर कानठळ्या बसवणारी गाडी संगणकावर पाहिली तर सोसायटीच्या आवारात उभी. चालवणारा दिसला नाही तर फरक कळू नये.

शटर १/१२५ वर आणा. तेवढ्या वेळात गाडी १६ सेंटिमीटर जाते, चाक ३० अंश फिरतं. १/६० वर आणा, ३३ सेंटिमीटर आणि सुमारे ६४ अंश. पाच आऱ्यांच्या अलॉय व्हीलमध्ये दोन आऱ्यांत ७२ अंशांचं अंतर असतं, म्हणजे आरे एकमेकांत मिसळून चकती दिसायला लागते. हे चाकाचं झालं. पण कॅमेरा स्थिर धरला तर अख्खी गाडीच फासली जाईल, म्हणून कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा. यालाच पॅनिंग म्हणतात. गाडी फ्रेममध्ये जागच्या जागी राहते म्हणून धारदार येते आणि जग मागे पळतं.

हे हाताला बसवायला वेळ लागतो. पाय आधीच तिकडे रोखायचे जिथे फोटो घ्यायचाय, आणि कमरेतून मागे वळून गाडीला लांबूनच पकडायचं. कोपरं अंगाला चिकटलेली. ऑटोफोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर. बटण हलक्या हातानं दाबायचं आणि दाबल्यावर थांबायचं नाही, कॅमेरा पुढे फिरतच राहिला पाहिजे. फटका बसल्यावरही बॅट पुढे जाते ना, तसं. सुरुवात १/२५० पासून करावी, हात बसेल तसं १/१२५, मग १/६०. गाडी अगदी समोरून, काटकोनात जात असते तेव्हा ती नाकापासून शेपटीपर्यंत धारदार मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिरकी येत असली की जवळचं टोक आणि लांबचं टोक डोळ्यासमोरून वेगवेगळ्या गतीनं सरकतात. मग नाक धारदार आलं तर शेपूट फासते. तो दोष हाताचा नसतो, भूमितीचा असतो.

मातीच्या मैदानावरच्या दोन गोष्टी पुस्तकी धड्यांत सापडत नाहीत. पहिली, ऑटोक्रॉसमध्ये गाडी दिसते त्याहून हळू असते. घट्ट वळणावर ती ताशी ३६ किलोमीटरवरही येते, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पक्क्या ट्रॅकवर १/१२५ ला जे चाक फिरताना दिसलं, ते इथे तेवढंच दिसायला हवं तर शटर निम्म्यावर, १/६० वर आणावा लागतो. दुसरी गोष्ट ऊन. भर दुपारी आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ/१६ ठेवलं की शटर साधारण १/१०० वर बसतो. त्याहून हळू जायचं तर अॅपर्चर आणखी बारीक करा, नाहीतर काळी एनडी फिल्टर लावा. आणि बारीक अॅपर्चरला सेन्सरवरची धूळ ठिपक्याठिपक्यांनी उमटते. धुळीच्या मैदानात उभं राहून लेन्स बदललेली असेल तर संध्याकाळी आकाशात देवी आल्यासारखं दिसतं. म्हणून लेन्स गाडीत बसून, काचा लावून बदलावी.

हे सगळं शिकण्यासारखंच आहे. ज्याला १/६० ला गाडी धरता येत नाही, त्याच्या हातात निवड नसते. आमचा वाद निवड हातात आल्यानंतरच्या टप्प्याशी आहे.

पुसण्याची किंमत

पॅनिंगमध्ये मागचं जग किती पुसलं जातं याचा एक साधा हिशेब आहे. उघड्या शटरच्या वेळात गाडी जेवढी पुढे गेली, तेवढ्याच लांबीचा फराटा, गाडीच्या मापात, मागच्या प्रत्येक स्थिर वस्तूला बसतो. लेन्स छोटी असो की मोठी, गाडीच्या तुलनेत फराटा तेवढाच. ताशी ७२ आणि १/३० घेतलं तर तो ६७ सेंटिमीटरचा होतो. चार मीटरच्या गाडीशेजारी हा फराटा म्हणजे तिच्या लांबीचा सहावा हिस्सा. गाडीच्या अगदी पलीकडे उभ्या माणसाची रुंदी फोटोत साधारण ४५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे फराटा माणसाहून मोठा. माणूस संपला. तोच माणूस दुप्पट अंतरावर उभा असेल तर फोटोत अर्धा दिसतो, फराटा मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे लांबचे लोक, तंबू, झाडं आधी जातात, जवळचे त्यामानानं टिकतात. त्यात लांब लेन्स आणि उघडं अॅपर्चर असेल तर फोकसबाहेर गेल्यामुळे दुसऱ्यांदा पुसलं जातं. एकदा हालचालीनं, एकदा धूसरपणानं.

मोठ्या व्यावसायिक शर्यतीत हे पुसणं अगदी रास्त आहे. तिथे छायाचित्रकार जाळीच्या आणि भिंतीच्या मागे, गाडीपासून लांब उभा असतो. त्याला कारण आहे. १९५५ साली ल मॉं इथे गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि तेव्हापासून माणूस आणि गाडी यांच्यातलं अंतर वाढवण्याचाच प्रयत्न झाला. त्या लांबच्या जागेवरून लांब लेन्सनं पाहिलं तर मागे काय दिसतं? भिंत, जाळी, जाहिरातींचे फलक. प्रत्येक देशात तेच फलक. ते पुसले तर गमावलं काहीच जात नाही, उलट गाडीवरचं प्रायोजकाचं नाव उठून दिसतं, आणि ते दिसावं यासाठीच बऱ्याचदा पैसे मोजलेले असतात. म्हणजे धारदार गाडी आणि पुसलेली पार्श्वभूमी हा त्या व्यवसायाचा सोयीस्कर, अर्थपूर्ण तोडगा आहे.

तोच तोडगा माळावरच्या ऑटोक्रॉसला लावला की काय होतं पाहा. मागे टायरची उतरंड असते, तिच्यापलीकडे पिवळा झेंडा घेतलेला मार्शल, त्याच्या डोक्यावर रुमाल. बाजूला बॉनेट उघडून उभी असलेली पुढच्या फेरीची गाडी, तिच्यात डोकं घातलेला मेकॅनिक. पलीकडे मोबाइल धरून उभी असलेली चालवणाऱ्याची बहीण. मागे डोंगराची ओळखीची रेघ. हे सगळं हिरव्या-तपकिरी पट्ट्यांत गेलं. आणि उरलं काय? शोरूमच्या माहितीपत्रकात शोभेल अशी गाडी. पण माहितीपत्रकातल्यासारखी गाडी तर शोरूममध्येही आहे.

इथे बैलगाडा शर्यतींचे फोटो आठवून पाहा. आपल्याकडे वेगाचे फोटो काढण्याची ही दुसरी परंपरा, आणि ती आपल्या डोळ्यांना जास्त सरावाची. घाटाच्या दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत, उधळलेला भंडारा, धूळ, हात वर केलेली पोरं आणि मधून सुटलेले बैल. गर्दी पुसून एकटे बैल धारदार दाखवावेत असं तिथे सहसा कुणाला सुचत नाही. कारण ती शर्यत गावाची आहे हे काढणाऱ्याला न सांगता माहीत असतं. मोटारीच्या शर्यतीत गेल्यावर तोच माणूस गाव विसरतो आणि परदेशी पोस्टर आठवतो.

अर्धवट जमलेला एक फोटो

या विषयावर बोलताना एका फोटोला वळसा घालून जाताच येत नाही. फ्रान्सच्या ग्रां प्रीमध्ये जाक आंरी लार्तीगनं काढलेला. लार्तीगचा जन्म १८९४ चा, म्हणजे तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा, खात्यापित्या घरातला मुलगा. व्यवसायानं छायाचित्रकार नव्हता, शुद्ध हौशी. फोटोवर बरीच वर्षं १९१२ ही तारीख सांगितली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी गाडीवरून तो १९१३ चा ठरवला.

फोटोत गाडीचा पुढचा भाग उजवीकडे कापला गेलाय. मागचं चाक गोल नाही, पुढे कललेली अंडाकृती आहे. टाकीवर ६ आकडा. आणि डावीकडचे प्रेक्षक आणि खांब उलट्या दिशेला, मागे कललेले. हे का झालं? त्या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये एक फट काचेच्या प्लेटवरून सरकत जायची. चाकाचा खालचा भाग आधी उमटला, वरचा नंतर, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली, म्हणून चाक पुढे झुकलं. लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवतही होता, पण गाडीइतक्या वेगानं नाही. त्यामुळे उभी माणसं मागे झुकली. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर हे फसलेलं पॅनिंग आहे. लार्तीगलाही तो फोटो सुरुवातीला फसलेलाच वाटला होता. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या कामाचं प्रदर्शन झालं तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. पुढे हा फोटो वेगाचं चित्र म्हणून जगभर ओळखला गेला.

कललेल्या चाकाचं कौतुक सगळेच करतात. आमचं बोट मागच्या माणसांकडे आहे. कॅमेरा पूर्ण वेगानं फिरला असता तर गाडी नेटकी आली असती आणि ती माणसं पट्ट्यांत विरघळली असती. कॅमेरा फिरलाच नसता तर माणसं सरळ उभी राहिली असती, त्यांना गाडीचा वाराच लागला नसता. तो अर्धवट फिरला म्हणून दोन्ही वाचले. गाडी जातेय आणि बघणारे तिच्या झोतात मागे रेलतायत. या फोटोतला वेग गाडीत नाही, गाडी आणि माणसं यांच्यातल्या ताणात आहे. मोबाइलच्या किंवा आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या कॅमेऱ्यात सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे आजही चाकं अशीच कलतात. शिकणारी मुलं ते फोटो दोष म्हणून खोडतात. सगळे ठेवण्यासारखे नसतात हे खरं, पण खोडण्याआधी मागे कोण उभं आहे एवढं तरी बघावं.

दुसरं नाव लुई क्लेमँटास्की. आधी शर्यतीत उतरणारा, मग तिचे फोटो काढणारा. १९५७ च्या मिले मिलियात, म्हणजे इटलीतल्या उघड्या रस्त्यांवरच्या शर्यतीत, तो पीटर कॉलिन्सच्या फेरारीत शेजारच्या सीटवर बसला आणि चालत्या गाडीतून फोटो काढले. चालवणाऱ्याचे हात, समोरचा रस्ता, कडेला गर्दी. गाडीचं नाक आणि काच सोडली तर गाडी दिसतही नाही. तरी वेग आणि गाव दोन्ही आहेत. त्याच शर्यतीत एक गाडी गर्दीत घुसून चालवणारा, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक गेले, आणि ती शर्यत त्या रूपात कायमची थांबली. माणसं गाडीच्या किती जवळ होती, याची साक्ष अशाच फोटोंत राहते.

एक आक्षेप

कुणी म्हणेल, वेगात डोळ्यालाही मागचं धड दिसत नाही, मग पुसलेली पार्श्वभूमी हाच खरा अनुभव नाही का? एर्न्स्ट हासनं १९५६ साली पाम्प्लोनाच्या बैलझुंजीचे रंगीत फोटो हळू शटरनं काढले, त्यांत माणूस आणि बैल दोघेही रंगाच्या लाटा होतात. ते फसवे आहेत का? अजिबात नाहीत. पण हास सगळंच विरघळवतो. नायकाला सुरक्षित ठेवून बाकीच्यांना पुसण्याची सोय तो घेत नाही. बैलाला जो न्याय तोच माणसाला. आपल्या रूढ फोटोत गाडीचा स्टिकर वाचता येतो आणि मार्शलचा चेहरा नाहीसा होतो. डोळ्याचा अनुभव म्हणाल, तर वळणावर उभा असलेला प्रेक्षक गाडीबरोबर नजर फिरवतो हे खरं, पण लगेच समोरच्या माणसाकडे बघून 'बघितलंस का' असंही म्हणतो. तो दुसरा क्षणही अनुभवाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. चालवणाऱ्याला काय हवंय? त्याला आपली गाडी वेगात दिसायला हवी. वर्षभर पैसे साठवून टायर घेतलेत, घरच्यांची बोलणी खाल्लीत. त्याला तो चकाचक फोटो मिळालाच पाहिजे. आम्हाला हे पूर्ण मान्य आहे. तो फोटो त्याला द्यावा, दहा द्यावेत. पण त्याच माणसाला वीस वर्षांनी काय हवं असेल याचाही विचार करा. तेव्हा ती गाडी विकलेली असेल, मेकॅनिक मित्र दुसऱ्या गावी गेलेला असेल, मैदानावर इमारती उभ्या असतील. तेव्हा तो फोटोत चाकाचे आरे शोधणार नाही. मागे उभं कोण होतं ते शोधेल. शोलावरमची धावपट्टी आज शर्यतींची राहिलेली नाही. तिथले जुने फोटो हाती आले तर आपण प्रथम काय न्याहाळतो? लोक किती जवळ उभे होते, कपडे कसले होते, गाड्या ओढून कशा आणल्या होत्या. गाडीचं मॉडेल तर यादीतही मिळतं.

मग करायचं काय

पॅनिंग सोडा असं आम्ही म्हणत नाही. त्याची मात्रा बदला. ताशी ७२ च्या गाडीला १/१२५ ठेवलं तर फराटा १६ सेंटिमीटरचा, चाक तरीही ३० अंश फिरलेलं. गाडीच्या लगतचा मार्शल हलल्यासारखा दिसेल, पण मार्शल आहे हे कळेल, झेंड्याचा रंगही कळेल. हळू वळणावर १/१०० वरही तेच साधतं. म्हणजे शटरची निवड करताना गाडीबरोबर एक प्रश्न आणखी विचारायचा : मागचं काय वाचायला हवं?

जागा निवडताना आधी पार्श्वभूमी निवडा, गाडी तिथे येणारच आहे. ऑटोक्रॉसचा हा मोठा फायदा. प्रत्येक गाडी त्याच वाटेनं दिवसभरात अनेकदा येते. टायरची उतरंड, मार्शल, लोकांचा घोळका गाडीच्या जवळ आणि तिच्या मागे येईल असं वळण शोधा, कारण हिशेबानं जवळचंच टिकतं. लेन्स थोडी मागे घ्या. गाडीनं फ्रेम भरलीच पाहिजे हा हट्ट सोडला की आकाश, डोंगर, तंबू आपोआप आत येतात.

वेग फक्त पट्ट्यांतून दिसतो असंही नाही. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या हॅचबॅकचं आतल्या बाजूचं मागचं चाक घट्ट वळणावर कधी कधी जमिनीवरून उचललं जातं. मातीवर गाडी घसरायला लागली की पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला असतात. धुळीचा लोट गाडीमागे किती उंच गेलाय, वारा कुठला आहे, हेही वेग सांगतं. आणि हेल्मेटमधून दिसलेच तर चालवणाऱ्याचे डोळे. कसलेला हौशी समोरच्या शंकूकडे बघत नाही, त्याच्या पुढच्या शंकूकडे बघतो. बाजूच्या काचेतून मान वळलेली दिसली तर १/५०० ला गोठवलेला फोटोही धावतो.

उभं राहण्याबद्दल दोनच गोष्टी, पण त्या बाकी सगळ्याच्या आधीच्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जिकडे सुटलेली गाडी येणार, तिकडे उभं राहायचं नाही, आणि गाड्या सुटलेल्या असताना त्यांच्याकडे पाठ करायची नाही. मार्शलनं हाकललं की वाद न घालता सरकायचं. माणसं फ्रेममध्ये हवीत या आमच्या आग्रहाचा अर्थ माणसांना गाडीच्या वाटेत आणणं असा कुणी घेऊ नये. आयोजकांनी जिथे उभं केलंय तिथूनच हे सगळं जमतं.

शेवटचा मुद्दा निवडीचा. एका दिवसात सातशे-आठशे फोटो निघतात. रात्री त्यातले धारदार तीस निवडले जातात आणि बाकीचे उडवले जातात. समीक्षेची खरी गरज त्या रात्री असते. आमची सूचना साधी आहे. धारदार तीस ठेवा आणि आणखी दहा ठेवा, गाडीपेक्षा मैदानाकडे बघून निवडलेले. गाडीची तपासणी चालू असताना रांगेत उभे असलेले लोक, वेळ लिहून घेणाऱ्यांचं टेबल, टायर बदलणारे मित्र, फेरी संपल्यावर हेल्मेट काढणारा घामेजलेला माणूस. त्या दहांखाली तारीख, मैदानाचं नाव, गाडीचा गट आणि माणसांची नावं त्यांना विचारून लिहा. ही नोंद दुसरं कुणी करणार नाही. या खेळाचा आपल्याकडचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याला शोधाशोध तुमच्याच हार्ड डिस्कमध्ये करावी लागणार आहे.

गाडी धारदार यावी हे तुम्ही शिकलात, चांगलं झालं. आता तीच गाडी कुठल्या मैदानात, कुणासमोर धावली हेही फोटोत येऊ द्या. दोन्ही एका फ्रेममध्ये बसवणं जास्त कठीण आहे, आणि पुढची दोन-चार वर्षं शिकत राहायला ते पुरेसं आहे.